बाकावरची माणसे

गेल्या डिसेंबरात आपल्या वाङ्मय मंडळाने 'चंगळवाद आणि आजचा समाज' या विषयावर परिसंवाद घेतला होता, तो अनेकांना आठवत असेल. वक्ते चांगले बोलले. त्यांतल्या एका सरांनी (नाव घेत नाही, सर हा अंक वाचतील आणि रागावणार नाहीत अशी खात्री आहे) बोलण्याच्या ओघात थीम पार्कचे उदाहरण दिले. माणसे हजारो रुपये मोजून स्वतःला उलटे टांगून घेतात आणि त्याला सुटी म्हणतात, असे ते म्हणाले. सभागृह हसले. मीही हसलो. हसताना माझी कानशिले मात्र तापली होती. कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी असा उलटा टांगून घेऊन आलो होतो, आणि तेही स्वतःच्या पैशाने नव्हे, दाजींच्या.

त्या दिवशी उठून बोलायला हवे होते. धीर झाला नाही. म्हणून हा लेख.

आमचे दाजी साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली की हंगाम संपेपर्यंत तीन पाळ्यांचे चक्र सुरू होते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असतो, आणि घरातली पोरे चार-पाच महिने कुजबुजत खेळतात. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. बापाशी त्याचे बोलणे बव्हंशी हंगाम बंद झाल्यावरच होते. या पोराने कोणाच्या तरी मोबाइलवर थीम पार्कची जाहिरात पाहिली आणि वर्षभर एकच धोशा लावला. दाजींनी ओव्हरटाइमचे पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली. ताईला हे बरेच दिवस माहीत नव्हते. कळले तेव्हा ती आधी रागावली आणि मग स्वतःचे भिशीचे पैसे त्यात घातले.

आता मला आपल्याला विचारायचे आहे, यात चंगळ कोठे आहे? ताईच्या लग्नाला आठ वर्षे झाली. या आठ वर्षांत त्या घराने कोणकोणते प्रवास केले ते मी बोटांवर मोजून पाहिले. लग्नानंतर जेजुरी. मुलगा झाल्यावर नरसोबाची वाडी. एकदा पंढरपूर, तेही सासूबाईंना घेऊन. उरलेला सगळा प्रवास लग्ने, बारशी आणि दहावे यांचा. आपल्याकडे घराबाहेर पडायला कारण लागते. देव किंवा नातेवाईक यांपैकी एकाने बोलवावे लागते. कारणाशिवाय, निव्वळ मजेसाठी जाणे म्हणजे पैसे उधळणे, असे आपण समजतो. देवाच्या वाटेवर तेवढेच पैसे गेले तर कोणी परिसंवाद घेत नाही. मी नास्तिक वगैरे नाही. पण सहा महिने यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्या पोराबरोबर एक दिवस उगाचच घालवावासा वाटला, तर त्याबद्दल त्याने कोणाची माफी मागायची, हे मला कळत नाही.

शिवाय आणखी एक. या सगळ्या प्रवासांत ताई कोठे होती? जेजुरीला तिच्या हातात पूजेचे ताट होते. पंढरपूरला सासूबाईंचा हात होता. माहेरपणाला आली तरी दुसऱ्या दिवसापासून ती आईच्या जोडीने स्वयंपाकाला उभी. तेव्हा थीम पार्कचे ठरले तेव्हा मला मनापासून वाटले होते, की ताई आयुष्यात पहिल्यांदा पाहुणी म्हणून कोठेतरी जाणार. माझे हे वाटणे पहाटे साडेतीनलाच खोटे ठरले. मला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता आणि तव्यावर पोळ्या पडत होत्या. चाळीस पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, छकुलीसाठी वेगळा मऊ भात. "तिथलं खाणं परवडायचं नाही," एवढेच ती म्हणाली.

एस.टी.त आमची चंगळच होती म्हणायची. दीड वर्षाची छकुली फुकट, भाच्याला अर्धे तिकीट, आणि २०२३ पासून बायकांनाही अर्धे, म्हणून ताईला अर्धे. पूर्ण तिकिटाचे उतारू काय ते दाजी आणि मी. एस.टी. माणसाचे वय विचारते. ज्या पार्कात आम्ही गेलो तिथे मात्र उंची विचारतात. पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आत असाल तर प्रवेश मोफत. दाजींनी खिडकीपाशी जाण्यापूर्वी छकुलीचे बूट काढून खिशात टाकले. ती अगदी थोडक्यात रेघेखाली राहिली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पोर लहान भरल्याचा आनंद!

तो आनंद पुढल्या पाच मिनिटांत संपला. दाराशी पिशव्या तपासतात. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या मुलाचे चालते, म्हणून छकुलीचा भात आत गेला आणि चाळीस पोळ्या एका फळीवर बाहेर राहिल्या. रखवालदाराने डब्यावर चिकटपट्टीने क्रमांक लावला. बाजूला तसेच आणखी वीसपंचवीस डबे होते. स्टीलचे, प्लॅस्टिकचे, एक तर पितळी. म्हणजे पहाटे साडेतीनला दिवा लागलेले आमचेच घर नव्हते. आत गेल्यावर पहिले दोन तास ताई त्या डब्याविषयीच बोलत होती. उन्हात भाजी आंबेल का, एवढीच तिची चिंता. वडापावची आतली किंमत पाहिल्यावर ती एकदम गप्प झाली.

येथे थोडे विषयांतर करतो. या प्रकारच्या पार्कांचा जो मूळपुरुष, त्या वॉल्ट डिस्नेची एक गोष्ट आहे, आणि ती तो स्वतःच सांगत असे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये लाकडी घोड्यांची एक जुनी चक्री होती. सुटीच्या दिवशी तो आपल्या दोन मुलींना तेथे नेई. मुली घोड्यांवर बसून गोल गोल फिरत आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खात असे. मोठ्या माणसांना येथे बसून राहण्यापलीकडे काही कामच नाही. आईबाप आणि मुले मिळून मौज करतील अशी जागा का असू नये, हा विचार त्याला त्या बाकावर सुचला. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. पहिल्या दिवशी फजिती उडाली. ऊन भयंकर, नकली तिकिटे घेऊन हजारो लोक घुसलेले, नुकत्याच ओतलेल्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतत होत्या. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास दोन्ही वेळेवर पुरे होणार नव्हते, तेव्हा डिस्नेने संडास निवडले. मला तरी निवड शहाणपणाची वाटते. तहानलेल्या लोकांनी मात्र शीतपेये खपवण्यासाठी ही युक्ती केली असे म्हटले. पुढे हे लोण जगभर गेले. आपल्याकडे दिल्लीत १९८४ साली अप्पू घर निघाले, मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड आले, आणि मग ठिकठिकाणी.

तात्पर्य, ही सगळी कल्पना निघाली ती एका कंटाळलेल्या बापाच्या बाकावरून. बाकावरच्या माणसाला उठवून पोरांबरोबर खेळायला लावायचे, यासाठी हा एवढा खटाटोप. हे मला घरी आल्यावर, आपल्या ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात वाचायला मिळाले. आणि वाचता वाचता मी थांबलो, कारण त्या दिवसभर ताई बाकावरच बसली होती.

ते कसे झाले ते सांगतो. भाच्याला जी गाडी हवी होती, जाहिरातीत दिसणारी, डोंगरावरून कोसळणारी, तिच्या दाराशी एक रंगीत पट्टी होती. एकशेवीस सेंटिमीटरच्या रेघेपर्यंत डोके पोचले पाहिजे. पाऊण तास रांगेत उभे राहून आम्ही तेथवर आलो. पोरगा पट्टीला पाठ लावून ताठ उभा राहिला. दोन बोटे कमी पडला. दाजी हळूच म्हणाले, "टाचा उचल." त्याने उचलल्या. तिथला पोरगा माझ्याच वयाचा असेल. त्याने भाच्याच्या डोक्यावर हलकेच तळवा ठेवला आणि टाचा आपोआप खाली आल्या. सकाळी मुलीचे बूट काढून ती लहान कशी दिसेल ते पाहिले होते, आणि आता मुलाच्या बुटात पुठ्ठा असता तर, असा विचार माझ्या मनात येत होता!

मी भांडलो. आवाज चढवून भांडलो. पैसे घेताना दिसत नाही का, वगैरे. तो पोरगा काही चिडला नाही. म्हणाला, "दादा, तुम्ही बसा आणि दांडा कुठे टेकतो ते बघा. तुमच्या मांडीवर टेकेल. त्याच्या मांडीवर टेकणार नाही." मी बसलो तेव्हा त्याचे म्हणणे पटले. गाडी चढाच्या टोकावरून खाली वळते तेव्हा अंगाला सरळ पुढे आणि वर जायचे असते. बसवून ठेवणारा काय तो तो दांडा. दांडा आणि मांडी यांत चार बोटांची फट राहिली तर पोर कोठे जाईल याचा विचारही नको. तेव्हा उंचीची पट्टी हा जुलूम नाही. तो त्या यंत्रातला मला वाटतो सर्वांत प्रामाणिक भाग. माझे भांडण चुकीचे होते. (हा पोरगा बाहेरून बी.ए. करतो आहे असे नंतर कळले. विषय मराठी. मला जास्तच लाज वाटली.)

पण वाचकांच्या लक्षात आले असेल, की मी "बसलो तेव्हा" असे लिहिले आहे. म्हणजे मी बसलो. दाजीही बसले. पैसे भरलेत, रांगेत उभे राहिलोय, मग सोडायचे कशाला, असे म्हणून आम्ही दोघे पुढे गेलो, आणि ताई एका खांद्यावर झोपलेली छकुली आणि एका हाताला रडणारा भाचा घेऊन रांगेच्या उलट्या बाजूने माणसांतून वाट काढत बाहेर गेली. आमच्या मनात जराही काही आले नाही. गाडी वर चढली तेव्हा टोकावर क्षणभर सगळे पार्क दिसते. खाली पत्र्याच्या सावलीत बाक होते, आणि बाकांवर रांगेने बायका. त्यांच्या भोवती पिशव्या, बाटल्या, चपला. मग गाडी कोसळली आणि मी ओरडलो.

उतरल्यावर दाजी म्हणाले, "आता तू जा, मी पोरांना बघतो." खरोखरच म्हणाले, ते वाईट माणूस नाहीत. पण आत जायचे तर पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाला, एकटीने पाऊण तास. मी दारावर विचारले. पहिल्यापासून रांग, असे उत्तर मिळाले. ताई म्हणाली, "जाऊ दे." हेच दिवसभर झाले. डिस्नेच्या पार्कांत यावर साधी तोड आहे. लहान मूल बरोबर असेल तर एक मोठा माणूस मुलापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो, आणि मग थांबलेल्याला दुसऱ्यांदा रांग न लावता आत सोडतात. त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. दारावरच्या माणसाला तसे सांगून ठेवावे लागते, बस्स.

मी हिशेब केला. सकाळी दहा ते संध्याकाळी सात आम्ही आत होतो. ताई एकूण एकाच गोष्टीत बसली. छकुलीला मांडीवर घेऊन छोट्या आगगाडीत, तीन मिनिटे. तिच्या तिकिटाची किंमत मात्र दाजींच्या आणि माझ्या तिकिटाएवढीच होती.

आपल्या जत्रेत असे होत नाही, हे कोणी म्हणेल. बरोबर आहे. जत्रेतल्या पाळण्याला आई पोराला मांडीवर घेऊन बसते, आणि जी बसत नाही तिला पैसे पडत नाहीत. पण गंमत अशी, की डिस्नेलँडही आरंभी जत्रेसारखेच होते. आत जायला एक डॉलर, आणि पुढे प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे. लवकरच त्यांनी तिकिटांची वही काढली. लाकडी घोड्यांना 'ए' तिकीट, आणि १९५९ नंतर मॅटरहॉर्नच्या डोंगरगाडीसारख्या मोठ्या खेळांना 'ई'. माणूस आपल्या मगदुराप्रमाणे आणि हौशीप्रमाणे तिकिटे फाडी. १९८२ साली ही पद्धत बंद होऊन दिवसाचे एकच तिकीट आले. सोय झाली, यात शंका नाही. पोराला "आता तिकीट संपले" असे सांगावे लागत नाही. पण माझ्या मते सुटीचा स्वभाव येथेच बदलतो. सगळे पैसे दाराशीच दिले की माणसाच्या डोक्यात वसुलीचे मीटर सुरू होते. दुपारी दोनच्या उन्हात छकुली झोपेला आली होती, भाच्याला नुसते कारंज्यापाशी बसून हात भिजवायचे होते, आणि आम्ही दोघे पुरुष हातात नकाशा घेऊन "अजून सात राहिलेत" असे म्हणत त्यांना ओढत होतो. दाजी हे कारखान्याच्या पाळीसारखे करत होते. मी त्यांचा मुकादम झालो होतो. लहान मुलांचा दिवस नकाशाप्रमाणे चालत नाही हे ज्याला ठाऊक होते ते माणूस बाकावर होते, आणि त्याला कोणी विचारत नव्हते.

संध्याकाळी मी पायांचे तुकडे पडल्यावर पहिल्यांदा बाकावर ताईशेजारी जाऊन बसलो. तेव्हा तेथले जग मला कळले. पलीकडची बाई नांदेडची. तिचा मोठा मुलगा सकाळपासून एकदाच दिसला होता. तिच्यापलीकडे एक आजी. एक गुजराती सून, जिला मराठी येत नव्हते आणि ताईला गुजराती येत नव्हते, तरी दोघींनी एकमेकींच्या पोरांना आळीपाळीने धरले होते, म्हणून तर दोघींना संडासला जाता आले. कोणाकडे तापाचे औषध होते, कोणाकडे जादा झबले. आमच्या भाच्याची समजूत या मंडळींनीच घातली होती; त्या आजींनी त्याला सांगितले होते, की पुढच्या वर्षी तू दोन बोटे वाढशील, पट्टी तेवढीच राहील. हे वाक्य आम्हा दोघांपैकी कोणाला सुचले नव्हते. ताईला त्या सगळ्यांची गावे, पोरांची नावे, आजारपणे पाठ होती. मला रांगेतल्या एकाही माणसाचा चेहरा आठवत नव्हता.

हे सांगून मला बाकाचे गोडवे गायचे नाहीत. "बायका तेथेही रमतात" असे म्हणून आपण मोकळे होतो, ते मला नको आहे. ताईने खूप दिवसांनी कबूल केले, की तिला त्या कोसळणाऱ्या गाडीत बसायचे होते. भीती वाटत होती, पण बसायचे होते.

म्हणून माझे परिसंवादातल्या सरांशी भांडण दुहेरी आहे. कामगाराने कुटुंबाला घेऊन थीम पार्कला जाणे यात मला काडीइतके गैर दिसत नाही. परवडले तर त्याने पुन्हा जावे. चंगळवाद म्हणून त्याच्यावर बोट ठेवणे सोपे आहे, कारण तो सभागृहात नसतो. आणि दुसरे असे, की या पार्कांवर टीका करायची तर ती "मजा कशाला" अशी नको, "मजा कोणाला" अशी हवी. संपूर्ण कुटुंबासाठी अशी जाहिरात करायची, पूर्ण तिकीट घ्यायचे, आणि घरातल्या एका माणसाला दिवसभर सामान राखायला बसवायचे, ही फसवणूक आहे. आळीपाळीची सोय करा. घरचा डबा आत नेऊ द्या, निदान लहान मुले असलेल्यांना. पाण्याचे नळ दिसतील तेथे ठेवा. पण हे सगळे झाले तरी अर्धेच काम होईल, याची मला कल्पना आहे. पार्कवाल्यांनी नुसता बाक ठेवला होता. ताईला त्यावर बसवले ते दाजींनी आणि मी. पाऊण तासाची रांग तिच्याबरोबर उभे राहून मला लावता आली असती. नऊ तास होते.

परतीच्या एस.टी.त आम्ही डबा उघडला. भाजी आंबली होती. चटणी आणि पोळ्या चांगल्या होत्या. भाचा खाता खाता झोपला.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी मी ताईला वाचून दाखवला. ती डाळ निवडत होती. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाली, "पोळ्या चाळीस नव्हत्या, बत्तीस होत्या. आणि दाजींना वाईट वाटेल असं काही छापू नकोस." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "ती गाडी वरून खाली येते तेव्हा पोटात नक्की काय होतं रे?"